ग्रान रेसेर्वा पातळ का वाटली? रिओहाच्या जुन्या शैलीतील रेड वाइनची ओळख

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे ते थोडक्यात असे. ते पुण्यात राहतात आणि नाशिक परिसरातील शिराझ आणि कॅबर्ने सोविन्यों या वाइन आवडीने पितात. माद्रिदहून आलेल्या नातेवाइकांनी त्यांना स्पेनमधील रिओहा प्रदेशाच्या ग्रान रेसेर्वा या दीर्घकाळ मुरवलेल्या रेड वाइनच्या दोन सारख्याच बाटल्या भेट दिल्या, आणि ‘ही फार नजाकतदार वाइन आहे’ असेही सांगितले. एक बाटली त्यांनी मित्रांसोबत उघडली. रंग फिका आणि कडेला विटकरी होता, वास चामड्याचा आणि वाळलेल्या पानांचा आला, आणि चव पातळ, काहीशी आंबट लागली. बाटली खराब होती का, आपल्याला चव कळत नाही का, आणि ही शैली समजून घ्यायची तर सुरुवात कोठून करावी, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी बरीच वर्षे हॉटेलांसाठी वाइन निवडण्याचे आणि तेथील कर्मचाऱ्यांना चव घेण्याचे प्रशिक्षण देण्याचे काम करतो. हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत वारंवार विचारला जातो. माझ्या मते खरी अडचण आपल्या जिभेची नाही. उष्ण प्रदेशातील तरुण रेड वाइनची सवय झाली की गडद रंग, पिकलेल्या फळांचा दाट स्वाद आणि तोंड भरून टाकणारा तुरटपणा म्हणजेच चांगली वाइन, अशी मनात एक मोजपट्टी तयार होते. रिओहातील वाइन बनवणाऱ्या जुन्या घराण्यांची वाइन या तिन्ही गोष्टी हेतुपुरस्सर कमी करत नेते. त्यामुळे त्या मोजपट्टीवर ती नापासच होणार. मात्र बाटलीत खरोखर दोष असण्याची शक्यताही नाकारता येत नाही, म्हणून आधी त्याचा निकाल लावू.

विटकरी कड, चामडे, तंबाखू, वाळलेली पाने, संत्र्याची वाळलेली साल हे वास अनेक वर्षे मुरलेल्या रिओहामध्ये अपेक्षितच असतात. त्यांच्यावरून वाइन बिघडली असे म्हणता येत नाही. दोष ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा तळघरातल्या दमट भिंतीसारखा वास आला आणि फळांचा स्वाद जवळजवळ नाहीसा झाला असेल, तर बुचातून दोष उतरला आहे असे समजावे. अशी वाइन कितीही वेळ उघडी ठेवली तरी सुधारत नाही, उलट वास वाढतो. बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर सरकले असेल, त्याच्या बाजूने वाइन पाझरल्याचे डाग असतील आणि चवीला शिजवलेल्या मनुकांसारखी छटा असेल, तर प्रवासात किंवा घरी बाटली तापली आहे. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत एक दुपार राहिलेली बाटली अशी होऊ शकते. व्हिनेगरची अगदी हलकी चुणूक मात्र या शैलीत कधी कधी असते. ती वासाला वर उचलते, आणि काही जुन्या घराण्यांच्या वाइनमध्ये तर ती ओळखीची खूण मानली जाते. ती किती चालवून घ्यावी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. घशात झोंबण्याइतकी असेल तर मी बाटली परत करतो.

आपण दिलेल्या वर्णनात पुठ्ठा नाही, शिजलेपणा नाही आणि झोंबणेही नाही. एवढ्यावरून मी बाटली ठीक होती असे धरतो, पण वाढताना काय झाले हे विचारायला हवे. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी होता. पुण्यातील 30 अंशांच्या खोलीत ग्रान रेसेर्वा ओतली, तर सगळ्यांत आधी अल्कोहोलची वाफ नाकाला भिडते, आणि तिच्यामागे असलेले नाजूक वास उमगतच नाहीत. मी ही वाइन 16 ते 18 अंशांच्या दरम्यान वाढतो. त्यासाठी अशा गरम खोलीतील बाटली साधारण तास-दीड तास शीतकपाटात ठेवावी. फार वेळ ठेवली तर उलट परिणाम होतो, वास बंद होतात आणि आंबटपणा टोकदार वाटतो. आपण ‘आंबट’ म्हणता त्यात तापमानाचा वाटा किती होता हे मला येथून सांगता येणार नाही, पण तो असू शकतो.

आता मुख्य विषय. ही वाइन अशी का लागते हे समजण्यासाठी ती कशी तयार होते हे पाहणे मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण येथील नजाकत मुख्यतः काळ आणि हाताळणी यांतून येते. रिओहा हा उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या दोन्ही काठांवरचा प्रदेश आहे. उत्तरेला सिएरा दे कांताब्रिया ही डोंगररांग अटलांटिककडून येणारे गार, ओले वारे बरेचसे अडवते. पश्चिमेकडील रिओहा आल्ता आणि नदीच्या उत्तरेकडील रिओहा आलावेसा हे भाग त्यातल्या त्यात थंड आहेत, तर पूर्वेकडील रिओहा ओरिएंताल, ज्याला 2018 पर्यंत रिओहा बाहा म्हणत, तो अधिक उष्ण आणि कोरडा आहे. मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. ते लवकर पिकते, त्याची आम्लता मध्यम असते, आणि लाकडी पिपात दीर्घकाळ राहण्याची त्याची तयारी असते. त्याच्या जोडीला भरीवपणा आणि ऊब देण्यासाठी गार्नाचा, आणि आम्लता आणि सुगंध यांसाठी थोडे ग्रासियानो आणि मासुएलो ही द्राक्षे वापरण्याची परंपरा आहे.

पिपाची पद्धत फ्रान्समधील बोर्दो या वाइनच्या प्रदेशातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील द्राक्षबागांवर आधी भुरीने आणि नंतर फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने घाला घातला, तेव्हा बोर्दोचे व्यापारी माल शोधत दक्षिणेकडे वळले. मार्केस दे मुरिएता आणि मार्केस दे रिस्काल यांनी 1850 च्या दशकातच बोर्दोच्या धर्तीवर वाइन करायला सुरुवात केली होती. पुढे 1863 मध्ये आरो या गावापर्यंत रेल्वे पोहोचल्यावर स्थानकाच्या भोवती वायनऱ्यांची एक वसाहतच उभी राहिली. लोपेस दे एरेदिया (1877), कुने (1879) आणि ला रिओहा आल्ता (1890) ही तिथली जुनी घराणी, आणि ती आजही त्याच जागी काम करतात. पुढे फ्रान्सने आपल्या बागा पुन्हा उभ्या केल्या आणि आयातीवरील शुल्क वाढवले, फ्रेंच व्यापारी परत गेले, पण 225 लिटरची पिपे आणि त्यांत वाइन मुरवण्याची सवय रिओहात राहिली. गंमत अशी, की बोर्दोने नंतर पिपातील मुक्काम आवरता घेतला आणि रिओहाने तो वाढवत नेला. आज जुन्या बोर्दोची पद्धत पाहायची तर काही बाबतींत आरो गावात जावे लागेल, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पिपात नेमके काय घडते? लाकडाच्या फळ्यांतून आणि पिपे बदलताना वाइनला अगदी थोडा प्राणवायू मिळत राहतो. जुन्या घराण्यांत साधारण दर सहा महिन्यांनी वाइन एका पिपातून दुसऱ्या पिपात हलवली जाते आणि तळाचा गाळ मागे ठेवला जातो. प्राणवायूच्या या सावकाश संपर्कामुळे तुरटपणा देणारे टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जातात, त्यांचे मोठे रेणू बनतात आणि त्यांतील काही भाग गाळाच्या रूपाने खाली बसतो. रंग जांभळ्याकडून माणकाकडे आणि पुढे विटकरीकडे जातो, तुरटपणा बोचरा न राहता मऊ होतो, आणि ताज्या फळांच्या जागी सुकवलेल्या चेरीचे, चामड्याचे, तंबाखूचे वास येऊ लागतात. आपल्याला जे पातळ वाटले त्याचा मोठा भाग हा आहे. वाइनमधून काही वजन खरोखरच काढून टाकलेले असते, आणि ते वर्षानुवर्षे खर्च करून काढलेले असते.

लाकूडही महत्त्वाचे आहे. रिओहात परंपरेने अमेरिकन ओक वापरला गेला. त्यातून व्हॅनिला आणि ओल्या नारळाची गोडसर छटा येते, आणि कधी कधी शेपूच्या भाजीची आठवण करून देणारा एक हिरवा वासही येतो. मराठी माणसाला हा वास इतरांच्या आधी सापडतो, असे मी प्रशिक्षणात अनेकदा पाहिले आहे. पण नवे पीप पहिल्या काही वर्षांतच आपला बहुतेक वास देऊन टाकते. लोपेस दे एरेदियाचा स्वतःचा पिपे बांधण्याचा कारखाना आहे, आणि ते जुनी पिपे दुरुस्त करून दीर्घकाळ वापरतात. म्हणूनच त्यांची विन्या तोंदोनिया रेसेर्वा सुमारे सहा वर्षे पिपात राहूनही लाकडाने दबलेली लागत नाही. जुने पीप वाइनला वासाऐवजी वेळ आणि हवा देते. या एका मुद्द्यावर नवखे लोक हमखास अडखळतात, कारण ‘सहा वर्षे पिपात’ असे वाचून त्यांना लाकडाच्या भडक स्वादाची अपेक्षा असते.

येथे बाटलीवरील श्रेणींविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण ‘ग्रान रेसेर्वा म्हणजे सर्वांत उत्तम’ असे अनेकदा गृहीत धरले जाते. नियमांनुसार रिओहाची रेड क्रियान्सा किमान दोन वर्षे मुरते, त्यातील किमान एक वर्ष पिपात. रेसेर्वा किमान तीन वर्षे, त्यांत किमान एक वर्ष पिपात आणि सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वा किमान पाच वर्षे, त्यांत किमान दोन वर्षे पिपात आणि दोन वर्षे बाटलीत. बाटलीच्या मागील बाजूस नियामक मंडळाचा शिक्का असतो, आणि त्याच्या रंगावरूनही श्रेणी कळते : क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गर्द मरून, ग्रान रेसेर्वाला निळा, आणि यांपैकी काहीच नसलेल्या वाइनला हिरवा. या श्रेणी म्हणजे नोकरीच्या अर्जातील अनुभवाच्या वर्षांसारख्या आहेत. माणूस किती काळ कामावर होता हे त्यांवरून कळते, काम कसे केले हे कळत नाही. चांगल्या वर्षीची निवडक द्राक्षे ग्रान रेसेर्वासाठी राखून ठेवण्याची रीत जबाबदार घराण्यांत आहे, पण श्रेणीचा नियम मुख्यतः काळाचा आहे. लोपेस दे एरेदियाची विन्या कुबियो ही क्रियान्सा सुमारे तीन वर्षे पिपात राहते आणि इतर कित्येकांच्या रेसेर्वापेक्षा अधिक मुरलेली लागते. उलट, मोठ्या प्रमाणावर केलेली एखादी स्वस्त ग्रान रेसेर्वा नियमाची वर्षे मोजून बाहेर पडते आणि फळ मागे राहिलेले नसल्यामुळे खरोखरच पोकळ लागते. आपली बाटली कोणत्या घराण्याची होती हे आपण लिहिलेले नाही, म्हणून हा पर्यायही मला खुला ठेवावा लागतो.

मग पोकळ आणि नजाकतदार यांत फरक कसा करायचा? मी तीन ठिकाणी पाहतो. पहिले, ग्लासमध्ये ओतल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी वास वाढतो की विरतो. चांगली मुरलेली रिओहा सुरुवातीला संकोचलेली असते आणि मग उलगडत जाते. पोकळ वाइन पहिल्या पाच मिनिटांत सगळे सांगून मोकळी होते. दुसरे, तोंडाच्या मध्यभागी काय जाणवते. रंग फिका असला तरी गोडसर, सुकलेल्या फळाचा एक धागा जिभेच्या मध्यावरून जायला हवा. तेथे नुसते पाणी आणि आंबटपणा असेल तर वाइन थकली आहे. तिसरे, आणि माझ्या दृष्टीने निर्णायक, गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते. वजन कमी असूनही चव लांबते, तेव्हा त्या वाइनला नजाकतदार म्हणावे. आपण उघडलेल्या बाटलीविषयी आपण फक्त पहिल्या घोटाचे वर्णन केले आहे, आणि मित्रमंडळीत पहिली बाटली अर्ध्या तासात संपते हेही मला माहीत आहे.

सुरुवात कोठून करावी, हा आपला तिसरा प्रश्न. एकेक बाटली सुटी पिऊन ही शैली कळायला फार वेळ लागतो. मी शिकवताना नेहमी जोड्या लावतो. पहिल्या बैठकीत एकाच घराण्याच्या दोन श्रेणी घ्याव्यात. उदाहरणार्थ, कुनेची साधी क्रियान्सा आणि त्याच घराण्याची इम्पेरियाल रेसेर्वा, किंवा मुगा या घराण्याची नेहमीची रेसेर्वा आणि त्यांची प्रादो एनेआ ही ग्रान रेसेर्वा. घराणे तेच राहिल्यामुळे काळाचा परिणाम स्वच्छ दिसतो. दुसऱ्या बैठकीत जुन्या वळणाची आणि नव्या वळणाची वाइन शेजारी ठेवावी. 1990 च्या दशकात रिओहातील अनेकांनी नवा फ्रेंच ओक, गडद रंग आणि दाट फळ यांची वाट धरली, आणि आज दोन्ही प्रकार एकाच प्रदेशाच्या नावाने विकले जातात. तिसरी जोडी माझी आवडती आहे : रिओहाची क्रियान्सा आणि स्पेनमधीलच रिबेरा देल दुएरो या प्रदेशाची क्रियान्सा. द्राक्ष मुख्यतः तेच, तेम्प्रानियो, पण रिबेरा देल दुएरोच्या उंच पठारावर दिवस तापतात, रात्री गारठतात, आणि वाइन अधिक काळी, पिळदार आणि तुरट होते. शिराझ आवडणाऱ्या माणसाला रिबेरा पहिल्या घोटात आवडते. त्याला मी तिच्यानंतर लगेच रिओहा देतो, म्हणजे आपल्या आवडीतला किती भाग वजनाचा होता हे त्याचे त्यालाच दिसते.

या बैठकींत जुनी वाइन आधी आणि तरुण वाइन नंतर, असा क्रम मी ठेवतो. अनेक जण याच्या उलट शिकवतात आणि जेवणाच्या वेळी तो उलटा क्रमही योग्य असतो, पण केवळ चव घेण्यासाठी बसलो असू, तर तरुण वाइनचे टॅनिन जिभेवर बसल्यावर जुन्या वाइनचा नाजूकपणा उरत नाही. प्रत्येक ग्लासमध्ये थोडी वाइन शिल्लक ठेवावी आणि तासाभराने पुन्हा पाहावी. लिहून ठेवण्याची सवय लावली तर उत्तमच, पण वासांच्या लांबलचक याद्या करण्याची आवश्यकता नाही. कडेचा रंग, आंबटपणा कोठे जाणवतो, तुरटपणा मऊ की खरखरीत, चव किती लांबते, एवढ्या चार गोष्टी पुरतात.

घराण्यांतील फरकही पुढे कळू लागतील. ला रिओहा आल्ताची विन्या आर्दान्सा ही तेम्प्रानियोबरोबर सुमारे एक पंचमांश गार्नाचा घेते, त्यामुळे ती किंचित उबदार आणि भरलेली लागते. मला नवख्या माणसाला पहिली खरी जुन्या वळणाची रिओहा म्हणून तीच द्यावीशी वाटते. त्यांचीच 904 ही ग्रान रेसेर्वा अधिक सडपातळ आणि सुगंधी आहे. कुनेची इम्पेरियाल रिओहा आल्ताच्या द्राक्षांची आणि उंच खांद्यांच्या बोर्दो धाटणीच्या बाटलीत असते, तर त्यांची विन्या रेआल आलावेसाच्या द्राक्षांची, उतरत्या खांद्यांच्या, फ्रान्समधील बर्गंडी प्रदेशाच्या धाटणीच्या बाटलीत, आणि चवीलाही गोलसर. विन्या तोंदोनिया मात्र मी सुरुवातीला देत नाही. ती एवढी स्वतःच्या मर्जीने चालते की आधी काही पाया नसेल तर आपल्याला आला तसाच अनुभव येतो. नव्या पिढीतील काहींना ही काळावर आधारलेली श्रेणीपद्धतीच अपुरी वाटते, त्यांना एकेका बागेची ओळख महत्त्वाची वाटते. आलावेसातील आर्तादी या नामवंत वायनरीने 2015 मध्ये रिओहाच्या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, आणि 2017 मध्ये नियामक मंडळाने एकाच बागेच्या वाइनसाठी स्वतंत्र वर्ग निर्माण केला. हा वाद अजून चालू आहे, आणि मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते.

आतापर्यंतचे थोडक्यात मांडायचे तर : बाटली बहुधा निर्दोष होती, ती बहुधा गरम वाढली गेली, आणि ती ज्या गोष्टीसाठी केली जाते ती शोधण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. राहिला प्रश्न जेवणाचा, बाटल्या मिळवण्याचा आणि हाताशी असलेल्या दुसऱ्या बाटलीचा.

रिओहात ही वाइन द्राक्षवेलींच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्यांबरोबर पितात. मीठ, धूर आणि चरबी यांपलीकडे त्या पदार्थात फारसे काही नसते. आपल्याकडे कोल्हापुरी तांबडा रस्सा किंवा खमंग सावजी मटण हिच्यासमोर ठेवले तर मिरचीपुढे वाइनचा निभाव लागत नाही, तिखटामुळे अल्कोहोल अधिक जळजळीत वाटते आणि उरलेला तुरटपणाही कडवट होतो. त्यापेक्षा साधे मीठ-मिरी लावून भाजलेले मटण, लोण्यात परतलेल्या अळिंब्या, फार तर कमी तिखटाचे सुके मटण घ्यावे. घरी शाकाहारी जेवण असेल तर भाजलेली वांगी आणि मुरलेले कठीण चीज यांबरोबर मला ती उत्तम लागली आहे. चिंच, कोकम किंवा जास्त टोमॅटो असलेला पदार्थ टाळावा, कारण त्यांचा आंबटपणा वाइनला सपाट करून टाकतो.

उपलब्धता बऱ्याच अंशी आपण कोठे आहात यावर अवलंबून आहे. भारतात आयात वाइनवरील शुल्क आणि राज्यांचे कर यांमुळे रिओहाच्या बाटलीची किंमत स्पेनमधील किमतीच्या कित्येक पट होते, आणि मोठ्या शहरांतही चारदोन नावांपलीकडे निवड नसते. म्हणून परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांचा उपयोग करून घ्यावा. प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्यांना ‘एक ग्रान रेसेर्वा’ असे न सांगता घराण्याचे नाव सांगावे, आणि दोन सारख्या बाटल्यांऐवजी वर सांगितलेल्या जोड्यांपैकी एक मागवावी. साल निवडण्याची संधी मिळाली, तर 2001, 2004, 2005, 2010 आणि 2011 ही रिओहात उत्तम ठरलेली वर्षे आहेत. लंडन, दुबई, न्यू जर्सी येथील वाचकांना निवड पुष्कळ आहे, आणि एवढ्या वर्षांच्या मुरवणीच्या मानाने रिओहाच्या किमती आजही बोर्दो किंवा बर्गंडीच्या तुलनेत सुसह्य आहेत. नाशिक जिल्ह्यातही तेम्प्रानियोची लागवड झाली आहे, चारोसा या वायनरीने त्याची रिझर्व्ह वाइन काढली होती. मिळाली तर जरूर चाखावी, पण रिओहाची ओळख म्हणून नव्हे. आपल्याकडे हे द्राक्ष हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पिकते, फळ गोड आणि भरीव होते आणि वाइन तरुणपणीच प्यायची असते.

दुसरी बाटली आपण स्वयंपाकघरातील कपाटात ठेवली असेल, तर ती आजच तेथून हलवावी. घरात वाइनसाठी वेगळे कपाट नसेल तर पुण्याच्या उन्हाळ्यात तिला वर्षभर सांभाळण्याचा आग्रह धरू नये. ग्रान रेसेर्वा वायनरीतून बाहेर पडते तेव्हाच पिण्याजोगी असते, त्यामुळे थांबून मिळणाऱ्या लाभापेक्षा उष्णतेचा धोका मोठा आहे. तोपर्यंत ती घरातील सर्वांत गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवावी. उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करावी म्हणजे गाळ तळाशी बसेल, मग तास-दीड तास शीतकपाटात, आणि एकाच सावकाश ओघात दुसऱ्या भांड्यात निथळून घ्यावी. गाळ बाटलीच्या मानेपर्यंत आला की थांबावे. या वाइनला तासन्‌तास हवा देऊ नये, जुन्या वाइनचे वास त्यात उडून जातात. ग्लास मोठा घ्यावा आणि एक तृतीयांशाहून अधिक भरू नये. सोबत चारपेक्षा जास्त माणसे बोलावू नयेत, कारण प्रत्येकाच्या वाट्याला तासभर पुरेल एवढी वाइन यायला हवी. उरलीच तर बूच लावून शीतकपाटात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. तरुण शिराझ दोन-तीन दिवस टिकते, ही टिकत नाही.